गंगाक्काचा त

यंदाही मार्च आला आणि अण्णानं ते पुस्तक पकडलं. समाजशास्त्राच्या गाईडखालून त्यानं ते दोन बोटांनी बाहेर ओढलं, मांजरानं आणून टाकलेला उंदीर उचलावा तसं, आणि माझ्यासमोर धरलं. अण्णा माझा थोरला भाऊ. "दहावीची परीक्षा तोंडावर आलीय आणि ही चेटकिणीच्या गोष्टी वाचायलीय. सांग की तुझ्या भाचीला काहीतरी." भाची, म्हणजे त्याची मुलगी शर्वरी, टेबलापाशी बसली होती. तिनं वाद घातला नाही. नुसता हात पुढे केला आणि पुस्तक परत मिळेपर्यंत तो खाली घेतला नाही. शेवटी अण्णालाच कंटाळा आला.

तेवढ्यावर विषय मिटला असता. पण खोलीतून बाहेर पडता पडता तो म्हणाला, "एवढी घोडी झाली, अजून चेटकीण लागते हिला." तेव्हा मला जो राग आला तो हे लिहायला बसेपर्यंत उतरलेला नाही. आमच्या घरात चेटकीण कुणाला लागली होती, हे इतर कुणी बोललं तर चालेल. अण्णानं बोलू नये.

परीक्षेचा मोसम आला की लिहिणारी माणसं हळवी होतात. मलाही ते सगळं दिसतं, नाही असं नाही. उणकलच्या तळ्याचं पाणी काठ सोडून आत सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळाचा वास संध्याकाळी आमच्या गच्चीपर्यंत येतो. गच्चीवर आईचे सांडगे वाळत असतात. कडुलिंबाचा बारीक मोहोर स्कूटरच्या सीटवर साचतो आणि दुकानात पोचेपर्यंत साडीला चिकटून राहतो. परीक्षा केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेत बंद ठेवायला लावतात, तेव्हा दुकानदार शटरपुढं खुर्ची टाकून कागदातलं चुरमुऱ्यांचं गिरमिट खात बसलेले असतात. देवळात हॉलतिकीट देवाच्या पायाशी ठेवायला रांग लागते. अभ्यास केलेली पोरं आणि न केलेली पोरं एकाच रांगेत, आणि त्यांच्या आया त्यांच्याहून घाबरलेल्या. हे सगळं मला आवडायचं. आता या दिवसांत मला आधी आठवतात ती आमच्याच घराच्या उंबऱ्यावर कुणीतरी आणून ठेवलेली लिंबं, आणि मग बाकीचं काही गोड लागत नाही.

पुस्तक हातात आल्यावर शर्वरी जिना चढून माझ्याकडे आली. मी लग्न केलेलं नाही. दिवसभर दाजीबानपेठेतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात बसते आणि रात्री या घराच्या वरच्या मजल्यावर झोपते, त्यामुळे घरात ज्याला काही बोलायचं असतं आणि खाली बोलता येत नाही तो वर येतो.

"आत्या, मला गंगाक्काकडे ने."

"आत्ता? परीक्षेच्या तोंडावर?"

"पेपर सुरू व्हायच्या आत. तिला एक सांगायचंय. ते सांगितल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

"काय सांगायचंय?"

"की मी तिचं कौतुक करत होते."

पुढं मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. पुस्तकावरून अण्णानं परीक्षेचं निमित्त काढलं तरी तिच्या मनात काय आहे, हे घरात आम्हां सगळ्यांना माहीत आहे. आम्ही ते बोलत नाही एवढंच. आमचं घर व्यापाऱ्यांचं. मिरजेकडून येऊन इथं कन्नड मुलखात पिढ्या झाल्या, गिऱ्हाइकाशी आम्ही दिवसभर बोलतो. घरी मात्र जे बोलायचं ते सोडून बाकीचं बोलतो.

शर्वरी पाचवीत होती तेव्हाची गोष्ट. आमच्या घराला रस्त्याकडे दार असलेली एक खोली आहे. तिथं गंगाक्का भाड्यानं राहायची आणि साड्यांना फॉल लावून द्यायची, पिको करायची. पन्नाशीची बाई, अळणावरकडच्या खेड्यातली. नवरा होता, पण तो कुठं होता हे तिला ठाऊक नव्हतं आणि ती शोधतही नव्हती. त्याबद्दल कुणी चौकशी केली तर म्हणायची, "हाय कुठंतरी. सुखात असंल, म्हणून तर आला न्हाई." आणि स्वतःच हसायची. ते हसणं आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, बायकांना खुपायचं. टाकलेल्या बाईनं कसं असावं याचा त्यांचा एक अंदाज होता आणि ही त्यात बसत नव्हती.

शाळा सुटली की शर्वरी दप्तरासकट तिच्या खोलीत शिरायची. मी दुकानातून लवकर आले तर मीही तिथंच टेकायची, कारण घरातल्या घरात तेवढी एकच जागा होती जिथं कुणी कुणाला सुधारत नव्हतं. नव्या साड्यांच्या खळीचा वास, मशीनच्या तेलाचा वास, आणि गंगाक्काची अखंड चाललेली गोष्ट. ओठांत टाचण्या धरून ती बोलायची. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, कुठं एक संपून दुसरं सुरू झालं ते कळायचं नाही. तळ्यातल्या माशांची भाऊबंदकी तिला माहीत असायची. कुठली साडी कुठल्या लग्नात कुणावर रुसली होती तेही माहीत असायचं. समोरच्या गल्लीतलं काळं कुत्रं मागच्या जन्मी तालुका कचेरीत कारकून होतं, म्हणून ते दुपारी दोन ते चार कुणावर भुंकत नाही, असं तिनं शर्वरीला सांगितलं होतं आणि शर्वरीनं ते तपासून बघितलं होतं. खरं निघालं.

ते पुस्तक मात्र मी आणलेलं. धारवाडला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून शर्वरीसाठी घेतलं. कुठल्यातरी परदेशी भाषेतून मराठीत आलेलं, मधे मधे चित्रं असलेलं. एक लहान मुलगी चेटकीण असते. ती डोंगरातल्या एका गावात एकटीच राहायला येते आणि गिरणीवाल्या बाईच्या माळ्यावर बिऱ्हाड करते. तिची जादू काही फार मोठी नाही. रुसलेल्या वस्तूंशी तिला बोलता येतं, बस. पाणी द्यायचं थांबलेली विहीर, कुरकुरणारं फाटक, दूध न देणारी शेळी, यांच्याशेजारी ती जाऊन बसते आणि गप्पा मारते. मग त्या वस्तूंचा राग जातो. गावातलं पोर तापानं फणफणलं तर लोक तिला बोलावतात, ती चमच्यावर फुंकर घालते आणि त्या चमच्यानं पोराला पेज पाजते. पुस्तकभर मोठं संकट असं येतच नाही. एकदा तिची कोंबडी हरवते, एकदा सूप उतू जातं.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. या असल्या मऊ पुस्तकांनी पोरं मऊ होतात, असं तेव्हा मीही म्हटलं असेन. मग गारपिटीच्या प्रकरणापाशी आले. ऐन हंगामात गावावर गारा पडतात आणि झाडावरचे सगळे आलुबुखार खाली येतात. वर्षाचं पीक जमिनीवर. पुढच्या पानावर चित्र होतं: संध्याकाळची वेळ, हातात कंदील घेतलेले गावकरी चेटकिणीच्या दाराकडे निघालेत. ते चित्र बघून मी पान उलटायला धजले नाही. मला माहीत होतं पुढं काय होणार. आपल्या बाजूला वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. पीक गेलंय, अंधार पडलाय, एकट्या बाईच्या दाराशी माणसं जमलीत. आता तिला ओढून बाहेर काढतील, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पान उलटलं. गिरणीवाली म्हणते, "अगं, तुझ्याकडे रिकाम्या बरण्या आहेत का? पडलेली फळं कुजायच्या आत सगळ्यांनी मिळून जॅम करू या." आणि रात्रभर ती सगळी जॅम करतात.

शर्वरीनं ते प्रकरण गंगाक्काला वाचून दाखवलं तेव्हा मी तिथं होते. गंगाक्काचं मशीन थांबलं.

"आणि गाववाली हिला काय बोलली न्हाईत?"

"नाही ना. जॅम करू म्हणाली."

"हिच्यामुळं गारा पडल्या म्हणाली न्हाईत?"

"हिच्यामुळं कशा पडतील? ती तर चांगली आहे."

गंगाक्का इतकी हसली की ओठांतल्या टाचण्या मांडीवरच्या साडीत पडल्या. "असलं गाव कुठं असतंय गं पुट्टी? मला पत्ता दे, मी बिऱ्हाड हलवतो." पुट्टी म्हणजे छोटी. नंतर कितीतरी दिवस ती ते प्रकरण परत परत वाचायला लावायची. मुलांना अशा पुस्तकाचा ओढा असतो, हे कळतं. पन्नाशीच्या बाईला तो का असावा, याचा तेव्हा मी विचार केला नाही. आता करते आणि डोकं तडकतं.

आता त्या शब्दाबद्दल. कन्नडमध्ये मात म्हणजे बोलणं. जिचं तोंड मिटत नाही, जी गप्पांनी घर भरून टाकते, ती मातगाती. आमच्याकडे लाडानं म्हणतात. गंगाक्का स्वतःबद्दल हे दिवसातून कितीदा तरी म्हणायची. एखादी साडी दुपारी द्यायची ती संध्याकाळ झाली की कपाळाला हात लावायची: "ना मातगाती नोडव्वा," मी बडबडी बाई बघ, बोलत बसले आणि काम राहिलं. आणि माट म्हणजे करणी. करणी करणारी ती माटगाती. चेटकीण. दोन्ही शब्दांत फरक एका अक्षराचा. मराठी काय, कन्नड काय, त आणि ट यांत घोटाळा करणारं माणूस आमच्या गावात सापडणार नाही. पण टाचण्या ओठांत धरून कुणी त म्हणून बघावा. जिभेला पुढं यायला जागा नसते. तो जाड होतो, आत जातो.

शर्वरी कन्नडही शिकत होती. शाळेत त्याच दिवसांत एका गोष्टीत माटगाती हा शब्द आला आणि बाईंनी चेटकीण असा अर्थ सांगितला. झालं. पोरीला एकदम उलगडा झाला. गंगाक्का रोज सांगत होती आणि आपल्यालाच कळत नव्हतं. ती एकटी राहते, रुसलेल्या साड्यांशी बोलते, कुत्र्याचा मागचा जन्म तिला ठाऊक असतो. पुस्तकातली चेटकीण आपल्या खालच्या खोलीत राहायला आलीय. दहा वर्षांच्या मुलीला याहून मोठा आनंद कुठला मिळणार? तिनं तो कुणाला सांगितला नाही. गुपित म्हणून जपून ठेवला.

वार्षिक परीक्षा सुरू होणार होती आणि शर्वरी तापानं आडवी झाली. साधा साथीचा ताप होता, डॉक्टर तसं म्हणाले आणि झालंही तसंच. पण त्या संध्याकाळी ताप चढला होता. आई उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती. मी दारात होते, नुकतीच दुकानातून आलेली. शर्वरीनं डोळे उघडले आणि अगदी शहाण्यासारखं सांगितलं, "आजी, गंगाक्काला बोलव. ती बरं करेल. ती माटगाती आहे. तिनंच मला सांगितलंय."

आईनं पट्टीवरचा हात काढून घेतला. मग वाकून तिनं विचारलं, "तिनं तुला काही खायला दिलं होतं काय गं?"

दिलं होतं की. चिंच-गूळ दिला होता. गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना द्यायची.

मी तिथल्या तिथं आईला समजावलं. पुस्तकाचं सांगितलं, टाचण्यांचं सांगितलं, त आणि ट चं सांगितलं. आईनं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीला जाऊन तेवढंच सांगितलं जेवढं पोरगी म्हणाली होती. ते पुरलं. संध्याकाळपर्यंत बायका आपापल्या साड्या परत न्यायला आल्या. फॉल अर्धवट लागलेल्या साड्यासुद्धा नेल्या, सुया तशाच. पोरांना त्या बाजूनं जाऊ देईनात. आणि एका सकाळी गंगाक्काच्या उंबऱ्यावर हळद-कुंकू लावलेली लिंबं होती, टाचण्या टोचलेली.

इथं मला थांबून एक विचारायचं आहे. मी तेव्हाही विचारलं होतं. या सगळ्या प्रकरणात माट कुणी केला? गंगाक्कानं चिंच-गूळ वाटला. टाचण्या टोचलेली लिंबं रात्री दुसऱ्याच्या दारात ठेवली ती आमच्या लेआउटमधल्या शिकल्या-सवरलेल्या लोकांनी. गाड्या असलेल्या, मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्या, परदेशातल्या जावयाशी व्हिडिओवर बोलणाऱ्या लोकांनी. उभ्या वस्तीत जादूटोणा करणारे तेवढेच होते, आणि करणीवाली ठरली ती जिला तो येत नव्हता.

मी घरोघर गेले. एका बाईनं मला बसवलं, कोकम सरबत दिलं आणि म्हणाली, "आमचा नाही हो असल्या गोष्टींवर विश्वास. पण लहान पोरं आहेत ना घरात." सगळीकडे हाच 'पण'. जे विश्वास ठेवतात त्यांच्याशी निदान भांडता येतं. ज्यांचा विश्वास नाही, पण, त्यांचं काय करायचं? त्यांच्याकडे सरबत मिळतं.

आणि अण्णा. अण्णा रोज गल्ल्यावर बसून सकाळपासून रात्रीपर्यंत कन्नड बोलतो. गिऱ्हाईक हावेरीचं की गदगचं हे त्याला दोन वाक्यांत कळतं.

"अण्णा, ती मातगाती म्हणायची. त. तुला तर कळतं."

"कळतंय की मला. मला कन्नड शिकवतेस काय?"

"मग सांग की लोकांना. तू सांगितलंस तर ऐकतील."

त्यानं दुकानाच्या किल्ल्या खुंटीला लावल्या. "जाऊ दे गं. नाहीतरी ती खोली मालाला लागणारच होती. लग्नसराईचा स्टॉक कुठं ठेवू मी?"

मी आवाज चढवून भांडले. शेजारी ऐकतील म्हणून घरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या तर मी त्या उघडून भांडले. जेवण बंद केलं, बोलणं बंद केलं. उपयोग झाला नाही. आई घाबरली होती असं धरून चालू, म्हातारं माणूस, नातीचा ताप. पण अण्णा घाबरला नव्हता. त्याला त स्वच्छ ऐकू आला होता. त्यानं तो ट आहे असं होऊ दिलं, कारण ट झाल्यावर खोली रिकामी होत होती. चेटकिणीवर विश्वास ठेवणाऱ्यांपेक्षा तो न ठेवता तिचा उपयोग करून घेणाऱ्याचा मला जास्त राग येतो. तो माझा भाऊ आहे, मला नवी स्कूटर त्यानंच घेऊन दिली, माझ्या आजारपणात तो रात्रभर बसला होता, हे सगळं धरूनही येतो.

गंगाक्का भर दुपारी गेली. टेम्पोत मशीन चढवायला कुणी पुढं झालं नाही, मी आणि टेम्पोवाल्यानं ते उचललं. तिनं भांडण केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मी म्हटलं, चला, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, "अक्कार, तिथं जाऊन काय सांगू? मी माटगाती न्हाई म्हणून? ते म्हणायला गेलं की चार जास्त लोकांना कळतंय." वरच्या खोलीत शर्वरीला टीव्ही मोठ्यानं लावून बसवलं होतं.

संध्याकाळी ती खाली आली आणि बंद दार बघून तिनं विचारलं, गंगाक्का कुठं गेली? मी उत्तर द्यायच्या आत आईनं दिलं. "गेली एकदाची. तूच तर सांगितलंस ना, ती माटगाती आहे म्हणून."

दहा वर्षांच्या पोरीला. आपण केलं ते आपल्या नातीच्या अंगावर टाकून माझी आई देवापुढं निरांजन लावायला निघून गेली. आज ती थकली आहे, मी तिला रोज वेळेवर गोळ्या देते, पाय चेपते. ते वाक्य मी विसरलेली नाही आणि तिला माफही केलेलं नाही. तिला ते आठवतसुद्धा नाही.

पुस्तक आईनं रद्दीत घातलं होतं. मी रद्दीवाल्याच्या गाडीतून ते काढून आणलं. तेव्हापासून शर्वरी ते वाचते. वर्षभर कपाटात असतं, मार्च आला की बाहेर येतं. अण्णाला वाटतं ती अभ्यास चुकवते. मला बरीच वर्षं वाटायचं की ती मन रमवते, त्या गावात जाऊन बसते, जिथं सगळं गोड असतं. मला त्या पुस्तकाचाही राग यायचा. लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलंय, म्हणायची मी. कंदील घेऊन माणसं कधी बरण्या मागायला येत नाहीत.

मग गेल्या वर्षी मी नीट बघितलं. ती अख्खं पुस्तक वाचतच नाही. गारपिटीचं प्रकरण काढते, कंदिलांच्या चित्रावर थांबते, पान उलटते, बरण्यांपर्यंत येते आणि पुन्हा मागं जाते. रमलेलं माणूस असं वाचत नाही. हिशेब चुकलेला माणूस बेरीज पुन्हा करतो, तशी ती वाचते. लोक दाराशी आले होते, पीक गेलं होतं, अंधार होता, सगळं आमच्यासारखंच होतं. मग यांच्याकडे जॅम कसा झाला? आमच्याकडे का नाही? अशा पुस्तकांना लोक दिलासा देणारी म्हणतात. देत असतील. पण हा दिलासा मऊ नाही. असं करता आलं असतं, एवढं ते पुस्तक तिला सांगतं, आणि तेवढ्यानं मोठ्यांची सगळी कारणं गळून पडतात. मला उशिरा कळलं. माझ्या भाचीला ते आधीच कळलं होतं, म्हणून तिनं हात खाली घेतला नाही.

तर आम्ही गेलो. अण्णाला मी सांगितलं, मैत्रिणीकडे नोट्स आणायला जातोय. धारवाडला बस बदलली. अळणावरच्या रस्त्याला लागल्यावर दोन्हीकडे सागाची झाडं येतात, मार्चमध्ये पानं गळून उभी असलेली. मोकळ्या पडलेल्या भातखाचरांत गुरं चरत होती. शर्वरी खिडकीशी बसून ओठ हलवत होती. मला वाटलं, इतिहासाच्या सनावळ्या. जवळ वाकून ऐकलं तर ती कन्नडमधून वाक्य पाठ करत होती, गंगाक्काला सांगायचं ते. "तू मला स्वतःबद्दल जे सांगायचीस ते मला चुकीचं ऐकू आलं. पण चुकीचं ऐकलं तरी मला ते चांगलंच वाटलं होतं." व्याकरणासकट बसवत होती. दहावीला कन्नड आहे तिला, चांगले गुण पडतात.

गंगाक्का भावाच्या घरामागं एका खोलीत राहते. तिनं ओळखलं लगेच. शर्वरीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली, ताक दिलं, मीठ कमी आहे का विचारलं. मशीन तेच होतं. खेड्यात पिकोचं काम फारसं नाही, त्यामुळे ब्लाउज शिवते. आम्ही बसलो आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहिलं. ताक संपल्यावर लक्षात आलं. ती गप्प होती. आम्ही विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होती, हो, न्हाई, बरं हाय. तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. टाचण्यांची उशी करून तिनं ती मशीनच्या कडेला बांधली होती.

शर्वरीनं पाठ केलेलं वाक्य सुरू केलं. घाबरली असल्यामुळे तिचा आवाज मोठा लागला. "गंगाक्का, नी मातगाती..."

गंगाक्का उठली. दारापाशी गेली, बाहेर दोन्हीकडे बघितलं, दार ओढलं आणि कडी घातली.

"मेल्लक, पुट्टी. हळू बोल. इथं कुणाला ठावं न्हाई."

"पण मी चांगला शब्द म्हणतेय. ट अल्ल, ट नव्हे, त."

"तू त म्हणतीस. तवाबी मला ठावं होतं, तू वंगाळ बोलणार न्हाईस." तिनं दाराकडे मान वळवली. "भाईर ऐकणारी ट ऐकत्यात."

शर्वरी उठली. मग गंगाक्काच्या जवळ गेली, तिच्या कानाला तोंड लावलं आणि पाठ केलेलं सगळं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या कानात म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही. गंगाक्काचे डोळे मिटलेले दिसले, आणि ती मान हलवत होती, हौद, हौद, म्हणजे हो, हो. बोलक्या बाईला बोलकी म्हणायचं होतं, तर आमच्या पोरीला कडी लावून कानात म्हणावं लागलं.

निघताना शर्वरीनं पुस्तक पिशवीतून काढून तिच्यापुढं धरलं. गंगाक्कानं वरचं चित्र बघितलं आणि परत दिलं. "तूच ठेव. घरात दिसलं तर विचारतील." मग तिनं कडी काढली, डोक्यावर पदर घेतला आणि आम्हाला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. रस्त्यानं माणसं होती, त्यामुळे ती काही बोलली नाही.